ट्यूब ॲम्प नसेल तर स्टेजवर चढू नका? बरं!

रावेरचा तारवाला: काल इथं एका महाशयांनी लिहिलं, 'गिटार प्रोसेसरवर (ॲम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणाऱ्या डब्यावर) वाजवणं म्हणजे प्लास्टिकचा आवाज. ट्यूब ॲम्प (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा ॲम्प्लिफायर) झेपत नसेल तर स्टेजवर चढू नका.' साहेब, मे महिन्यात भुसावळला या. ४५ डिग्रीत ट्विन रिव्हर्ब हा ट्यूब ॲम्प, म्हणजे जवळपास २९ किलो, छोटा हत्तीतून उतरवून मांडवात चढवा. मग ८५ वॉटच्या त्या ॲम्पचा व्हॉल्यूम दोनवर ठेवा, कारण तीनवर नेला की गायिका वळून बघते. ट्यूबवर जोर येऊन गोड वाजायची वेळ येतच नाही! मी प्रोसेसर पाठीवर टाकतो, मोटारसायकलला किक मारतो, आउटपुट थेट मिक्सरला. कॅब सिम्युलेशन (स्पीकरच्या पेटीची डिजिटल नक्कल) चालू असलं की वऱ्हाडाला काडीचा फरक कळत नाही.

जुनाखोड: ते महाशय मीच. वऱ्हाडाला कळत नाही म्हणून वाजवणाऱ्यालाही कळू नये? मागे बारा इंची स्पीकर असला की नोट पोटरीला जाणवते. तुम्ही मॉनिटरमधून (स्टेजवर आपलाच आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरमधून) काय ऐकता?

धुळेकर: कोणता मॉनिटर भो? ऑपरेटर दोन आणतो, एक गायकाला, दुसरा बंद. म्हणून मी पायाशी ठेवायच्या पेडलबोर्डवर मावणारा क्लास डी (हलका, छोटा) पॉवर ॲम्प नि स्पीकरचं एकच कॅबिनेट नेतो. दोघंही टोकाचं बोलताय.

अमळनेरी: आवाजाचं सोडा, जिवाचं बोला. मागच्या हळदीत ॲम्प जनरेटरच्या बोर्डावर, मिक्सर घरच्या लाइनवर. थ्री पिनची अर्थिंगची पिन कुणीतरी तोडलेली. हात गिटारच्या तारांवर, ओठ माइकला लागला आणि सण्णकन झटका! दात कळवळले. मंडपवाला म्हणतो, 'माइक ओला असेल.'

रावेरचा तारवाला: घ्या! थेट मिक्सरला गेलात तर तारा नि माइक एकाच ग्राउंडवर येतात. हेच तर सांगतोय.

अमळनेरी: अन् पाय ओल्या गवतावर असला तर? मिक्सरलाच अर्थिंग नसेल तर तुझा प्रोसेसर काय आरती ओवाळणार?

धुळेकर: तुन्हं म्हननं खरं शे. आमचा एक ढोलकीवाला तर हम (स्पीकरमधला घूंऽ आवाज) जावा म्हणून मुद्दाम पिन तोडायचा. हम घालवायचा असेल तर डीआय बॉक्सवर (वाद्य मिक्सरला जोडायच्या डबीवर) ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे फक्त ऑडिओ केबलचं ग्राउंड सोडवणारं बटण असतं, ते दाबा. मेन्सच्या अर्थिंगला हात लावू नका. आधी टेस्टर माइकच्या जाळीला नि गिटारच्या तारांना लावून बघा, मग गा.

जुनाखोड: विषय ॲम्पचा होता, इथं वायरमनची भरती निघाली.

अमळनेरी: तुम्हाला झटका बसला नाही ना, म्हणून सुचतंय!

रावेरचा तारवाला: पोटरीचं तेवढं मान्य, जुनाखोड. जनरेटर लचकून व्होल्टेज पडलं की प्रोसेसर रीस्टार्ट होतो, तेही मान्य. ऐन मुखड्यात बंद पडला नि मी अर्धं गाणं हातवारे करत उभा.

जुनाखोड: चला, प्लास्टिकवाले एवढं तरी बोलले. मग मीही बोलतो: कंबर धरल्यापासून रिहर्सलला प्रोसेसरच नेतो. प्रोग्रामला नाही.

धुळेकर: मग ट्विन विकताय का? चाळीसगावपर्यंत घ्यायला येतो.