मदत हवी आहे: प्लँटॅगो या रानरोपाचं कुळ नक्की कोणतं?

रानवेडी: उद्या हर्बेरियम शीट (वाळवलेलं रोप चिकटवलेला कागद) द्यायचीय. पुस्तकात प्लँटॅजिनेसी कुळात तीनच वंश दिलेत. नेटवर त्याच कुळात स्नॅपड्रॅगन, डिजिटॅलिस, व्हेरोनिका! त्यांची फुलं केवढी, प्लँटॅगोचं तर दिसतही नाही. लेबलवर काय लिहू? लवकर सांगा प्लीज.

कणिश: पुस्तक कोणतं? वर्गीकरण पद्धत कोणती? आणि जाती? मेजर, लॅन्सिओलाटा की आणखी काही?

काढाप्रेमी: इसबगोल याच वंशातला, प्लँटॅगो ओव्हाटा. बियांची साल भरपूर पाण्यातूनच घ्या, कोरडी घेतली तर घशात फुगते.

रानवेडी: मी औषध विचारलेलं नाही, कुळ विचारलंय. पान रुंद, अंडाकृती, जमिनीलगत. पुस्तक जुनं आहे, सुरुवातीची पानं गेलीत.

कणिश: मेजर वाटतंय. खात्री करा: पान हळूच आडवं फाडा, शिरा दोऱ्यांसारख्या लोंबतात. मग पिकलेलं बोंड नखाने दाबा, टोपणासारखा वरचा भाग निघतो. आत बऱ्याच बिया निघाल्या तर मेजर. लॅन्सिओलाटात दोनच असतात, शिवाय पान भाल्यासारखं आणि दांड्याला खोल खाचा.

जुनीशीट: तीन वंशच बरोबर: प्लँटॅगो, लिटोरेला, बोगेरिया. चार पातळ कोरड्या पाकळ्या, बाहेर लोंबणारे चार पुंकेसर. जुनी वर्गीकरण पद्धत देणाऱ्या बेंथम-हूकरनाही हे कुळ कुठे बसेना, म्हणून त्यांनी वेगळं ठेवलं. नंतरच्या पद्धतीत क्रॉन्क्विस्टने तर स्वतंत्र गण (कुळाच्या वरची पातळी) दिला. नेटवरचं कुळ डीएनएवरून ठरलंय; डोळ्यांना दिसतं ते सोडून त्याच्या मागे का लागायचं?

परागकण: कारण ते रूप वाऱ्यामुळे आलंय! वाऱ्यावर परागण झालं की मोठ्या रंगीत पाकळ्यांची गरज उरत नाही. 2001 मध्ये हरितलवकातल्या तीन जनुकांवरून स्नॅपड्रॅगनचं जुनं कुळ, स्क्रोफुलॅरिएसी, फुटलं. स्क्रोफुलॅरिया एका फांदीवर गेला, स्नॅपड्रॅगन आणि प्लँटॅगो दुसऱ्या. जुनं नाव स्क्रोफुलॅरियाबरोबरच राहतं, म्हणून दुसऱ्या गटाला ते लावता येईना. संशोधकांनी व्हेरोनिकेसी सुचवलं होतं, पण एपीजीने (डीएनएवरून वर्गीकरण ठरवणारा वनस्पतिशास्त्रज्ञांचा गट) जुस्यू या वनस्पतिशास्त्रज्ञाचं 1789 मधलं प्लँटॅजिनेसी घेतलं. आता त्यात नव्वदच्या आसपास वंश आहेत, जलब्राह्मीसुद्धा.

काढाप्रेमी: ब्राह्मी गाजराच्या कुळातली ना?

परागकण: ती मंडूकपर्णी, सेंटेला. मी जलब्राह्मी, म्हणजे बॅकोपाबद्दल बोलतोय.

हिरवळ: हे लॉनमधून कायमचं कसं काढायचं? उपटलं तरी परत येतं.

कणिश: नवा धागा काढा. रानवेडी, लेबलवर पद्धत लिहायची आहे का?

रानवेडी: हो, छापील लेबलवर 'एपीजी 4 नुसार' आहेच.

जुनीशीट: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं!

कणिश: मग गण लॅमिएलीज, कुळ प्लँटॅजिनेसी. जुन्या पद्धतीतही कुळाचं नाव हेच राहिलं असतं, फक्त आतले वंश बदलले. जातीचं नाव मात्र बिया मोजल्याशिवाय लिहू नका.

जुनीशीट: आणि बोंडं वेगळ्या पाकिटात घालून शीटला चिकटवा, नाहीतर दाबताना सांडतात.

हिरवळ: काढला नवा धागा. तिथेही कोणी बोला.