घरट्याचा पत्ता आणि नोंदींचे श्रेय

पक्षिनिरीक्षणाच्या सगळ्या नोंदी नेमक्या ठिकाणासकट खुल्या असाव्यात, ठिकाण लपवणे हा निव्वळ आप्पलपोटेपणा आहे, असे मत काही पक्षिनिरीक्षक मांडतात. तत्त्व म्हणून ते मला पटते. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ साली आठ हौशी मंडळींनी आपापल्या नोंदी एकमेकांपुढे ठेवण्यासाठीच सुरू केली होती. ठाणे खाडीतले रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आज ऐरोलीला किती दिसले, हे सांगितल्याने कोणाचेही बिघडत नाही.

घरट्याची गोष्ट मात्र निराळी आहे. तिबोटी खंड्या पावसाच्या तोंडावर ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ कोरतो, आणि बिळासमोर माणसे ठाण मांडून बसली की चोचीत पाल धरून तो फांदीवर ताटकळत राहतो, आत जात नाही. पनवेलजवळचे असे एक बीळ मी उत्साहाच्या भरात एका गटाला सांगितले. तिसऱ्या दिवशी तिथे अकरा कॅमेरे होते आणि ‘आड येणारी’ फांदी कोणीतरी तोडलेली होती. (ती चूक माझीच.) ई-बर्डसारखा पक्षिनोंदींचा खुला ऑनलाइन प्रकल्पही संवेदनशील प्रजातींचे नेमके ठिकाण झाकतो, ते उगाच नव्हे.

उलट संशोधकांनीही हौशी माणसाच्या वह्या वापरल्या, तर निबंधात त्याचे नाव घ्यावे. माझ्या आठ वर्षांच्या नोंदी एकाने मागून नेल्या. छापील निबंधात आभारापुरताही उल्लेख नव्हता. तरी पुढच्याने मागितल्यास मी देईन, फक्त घरट्यांची पाने वगळून.