गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतर पुन्हा सायकल: कधी आणि कशी सुरू केलीत?

पहाटपेडल (सातारा)

नमस्कार. वय ४७, राहायला सदर बझारात. जूनच्या सुरुवातीला पोट उघडून गर्भपिशवी काढली. गाठी मोठ्या होत्या, त्यामुळे दुर्बिणीतून होणार नाही हे आधीच ठरलं होतं. अंडाशयं ठेवली आहेत. आता दीड महिन्याची तपासणी झाली. टाके भरलेत, आतूनही सगळं व्यवस्थित आहे म्हणाल्या डॉक्टर. सायकलचं विचारलं तर म्हणाल्या, 'चालवा की, हळूहळू.' आता हळूहळू म्हणजे काय, हे सायकल चालवणाऱ्या बायकांनीच सांगावं म्हणून इथे लिहितेय.

गेली काही वर्षं रविवारी पहाटे समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढायचा हा माझा नेम होता. पाळीत इतकं अंगावरून जायला लागलं की शेवटी शेवटी घाट सोडाच, जिना चढतानाही दम लागायचा. म्हणून तर ऑपरेशन केलं. सासूबाई म्हणतात, पिशवी काढलेल्या बाईनं सायकलचं नावही घेऊ नये. नवरा म्हणतो, वर्षभर थांब. दोघंही काळजीपोटी बोलतात, पण कशासाठी थांबायचं हे कोणी सांगत नाही. कारण कळलं तर मी नक्की थांबेन.

सीटचा दाब आतल्या टाक्यांवर येतो का? पुढे वाकल्यावर व्रण ओढला जातो, ते चालेल का? आणि सप्टेंबरात फुलांच्या दिवसांत कासला सायकलने जाता येईल का? हो म्हणा असा आग्रह नाही, खरं सांगा.

वेण्णाकाठ (सातारा, मेढा रोड)

ताई, माझंही असंच ऑपरेशन झालंय, तेही पोट उघडूनच. आधी कासचं सांगते, म्हणजे मनातून निघून जाईल. या सप्टेंबरात सायकलने नको. साताऱ्याहून कास साधारण २५ किलोमीटर, त्यात सुरुवातीलाच घाट. शिवाय पावसाळ्यात उतरताना ब्रेक दाबून धरायला हात, खांदे, पोट सगळं ताणावं लागतं. गाडीने जा, फुलं बघा, पुढच्या वर्षी सायकल.

आता मुख्य गोष्ट. पायडल मारण्याचा त्रास सगळ्यात कमी होतो. त्रास होतो तो बसताना, उतरताना आणि अचानक पाय टेकवताना. तुमची सायकल दांडीची असेल तर पाय मागून फिरवून टाकावा लागतो, तेव्हा ओटीपोटात जी कळ येते ती नको. मी भाचीची बिनदांडीची सायकल मागून आणली होती. सीट इतकी खाली केली की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकतील. यात गुडघ्यांना थोडं अवघड जातं, पण तेवढ्यापुरतं चालतं. हँडल वर घेतलं की वाकावं लागत नाही आणि व्रणही ओढला जात नाही. सायकल उचलून पायऱ्या चढवायच्या नाहीत, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पार्किंगमधून बाहेर काढायचं काम नवऱ्याला द्या.

रस्ता निवडताना आपल्या गावाचा उतार लक्षात घ्या. माहुलीकडे जायला फार बरं वाटतं, सगळा उतार. येताना तोच चढ वाट बघत असतो, आणि पोट थकलेलं असतं. सदर बझारच्या आतल्या रस्त्यांवरच फिरा, घराजवळ. कुठेही वाटलं की उतरून चालत परत येता आलं पाहिजे. स्पीडब्रेकर आला की जवळजवळ थांबूनच जायचं.

आणि त्या दिवशी कसं वाटलं यावर जाऊ नका. मला चालवताना नेहमीच छान वाटायचं. संध्याकाळी पोट फुगून घट्ट झालं किंवा दुसऱ्या दिवशी ओटीपोट दुखलं, तर तेवढं अंतर जास्त झालं असं मी धरायचे आणि पुढच्या वेळी कमी करायचे. वाढवायचं ते अंतर, चढ नाही. चढ सगळ्यात शेवटी.

हळदबाजार (सांगली)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, अशा ऑपरेशननंतरच्या बायका माझ्याकडे येतात. सासूबाईंना सांगता येईल असं कारण देते.

वरची त्वचा दोन-तीन आठवड्यांत मिटते, म्हणून वाटतं सगळं भरलं. खाली स्नायूंवरचं जे जाड पांढरं आवरण शिवलेलं असतं, त्याची ताकद दीड-दोन महिन्यांत साधारण निम्मीच परत आलेली असते. उरलेली यायला कित्येक महिने लागतात. म्हणून जोर लावणं, वजन उचलणं, श्वास कोंडून चढ चढणं हे उशिरा. पण सपाटीवर हलक्या गिअरमध्ये पाय फिरवणं त्यात येत नाही. ज्याच्यासाठी थांबायचं ते जोरासाठी, हालचालीसाठी नाही. उलट नुसतं पडून राहिलं तर पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो.

सीटबद्दल: गर्भाशयाच्या तोंडासकट पिशवी काढली असेल तर योनीच्या वरच्या टोकाला टाके असतात. ते खूप आत आहेत, सीट तिथे थेट दाबत नाही. दाब येतो बाहेरच्या नाजूक भागावर आणि बैठकीच्या हाडांवर. सीट थोडी रुंद असावी, तिचं टोक वर झुकलेलं नसावं. बधिरपणा किंवा मुंग्या आल्या तर सीट चुकीची आहे.

सायकलच्या आधी ओटीपोटाखालच्या स्नायूंचा व्यायाम सुरू करा: लघवी अडवताना जे स्नायू आवळतो, ते आवळून वर ओढायचे, काही क्षण धरायचे, पूर्ण सोडायचे. सोडणंही तितकंच महत्त्वाचं. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा व्यायाम करू नका. जोर लागेल तिथे श्वास बाहेर सोडायचा.

लाल ताजा रक्तस्राव, घाण वास येणारं पाणी, ताप, वाढत जाणारं दुखणं, खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटणं, खोकताना व्रणाजवळ फुगवटा: यातलं काहीही झालं तर सायकल बंद आणि लगेच डॉक्टरांना फोन. एकाच पोटरीला सूज येऊन दुखत असेल किंवा अचानक धाप लागली, तर फोनही नको, थेट दवाखाना.

आमच्याकडे सांगलीत जमीन सपाट, त्यामुळे मी पेशंटना हरिपूर रस्त्यावर पाठवते. साताऱ्यात ती सोय नाही, वेण्णाकाठ ताईंचा सल्ला बरोबर आहे.

मिरजकर५२

माझं हर्नियाचं झालं होतं, जाळी बसवली. बाईंच्या ऑपरेशनबद्दल मला बोलता येणार नाही, पण एक गोष्ट सारखीच असावी: पोट साफ नसेल त्या दिवशी सायकल नको. कुंथण्याने टाक्यांवर खूप ताण येतो असं आमच्या सर्जननी बजावलं होतं. पाणी आणि इसबगोल चुकवू नका.

पहाटपेडल (सातारा)

सगळ्यांचे मनापासून आभार. हळदबाजार ताई, 'जोरासाठी थांबायचं, हालचालीसाठी नाही' हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, मग अंगणातल्या अंगणात चालव आधी. मला हे पटलं. कासचं या वर्षी रद्द.

एक अजून. ऑपरेशनआधी हिमोग्लोबिन ८ च्या खाली गेलं होतं, आता १०.४ आहे. चालतानाही लवकर दमते. हे पोटामुळे की रक्तामुळे?

हळदबाजार (सांगली)

१०.४ ला दमायला होणारच. ऑपरेशनचा थकवाही असतो, पण रक्त कमी असताना अंतर वाढवू नका. लोहाच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवा. हिमोग्लोबिन १२ च्या वर गेल्यावरही शरीरातला साठा भरायला साधारण तीन महिने गोळ्या देतात. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, लोह अंगी लागत नाही. लिंबू पाणी चालेल. पुढच्या तपासणीला हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) करायचं का, हे डॉक्टरांना विचारा, आणि रिपोर्ट आला की इथे लिहा.