दीड वर्षाच्या कारवान कुत्रीला शिस्त कशी लावायची?

मृणाल, मिरज
सासऱ्यांनी गेल्या महिन्यात जतकडून कारवान जातीची कुत्री आणली. हरणी, वय दीड वर्ष. मळ्यात मोकळी वाढलीय, गळ्यात पट्टा कधी पडलेला नाही. स्वभावाने गोड, पण बेल वाजली की येणाऱ्याच्या छातीवर दोन्ही पाय. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे फार भीती वाटते. फिरायला नेलं की खांदा निखळेल इतकी ओढते, मांजर दिसलं तर विचारूच नका. "बस" म्हटलं की नुसती बघत उभी राहते. हे म्हणतात वर्तमानपत्राची गुंडाळी दाखव. शेजारी म्हणतात, एवढं मोठं कुत्रं आता शिकत नसतं. खरंच उशीर झालाय का?

बापू, जत
मृणालताई, उशीर बिलकुल झालेला नाही. पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी याच भागात झाली, कारवान कुत्री दारोदारी पाहिली. मोठं कुत्रं उलट पिल्लापेक्षा जास्त वेळ लक्ष देतं.

आधी पट्ट्याचं बघा. कारवानचं डोकं अरुंद आणि मान जाड. साधा पट्टा मागे झटका दिला की कानांवरून निसटतो आणि कुत्री थेट रस्त्यावर. छातीचा पट्टा घ्या, पुढे छातीवर कडी असलेला. ओढलं की ती आपोआप तुमच्याकडे वळते. दोरी ताणली की तुम्ही जागच्या जागी थांबा, सैल झाली की चाला. सुरुवातीला कोपऱ्यापर्यंत जायलाही वेळ लागेल, लागू दे.

"बस"चा हट्ट सोडा. या कुत्र्यांच्या अंगावर चरबी कमी, मांड्या लांब. गार फरशीवर ढुंगण टेकून बसणं त्यांना अवघडच जातं. तिला "जागेवर" शिकवा. एक जुनी गोधडी घ्या, दारापासून थोडी लांब अंथरा. तिनं पाय ठेवला की लगेच "शाब्बास" म्हणा आणि उकडलेल्या कोंबडीचा हरभऱ्याएवढा तुकडा गोधडीवरच ठेवा, हातातून देऊ नका. खाऊ खाली मिळतो म्हटल्यावर तोंड खाली जातं, हळूहळू ती तिथंच आडवी होते. तुकडा क्षण-दोन क्षणांत पडला पाहिजे, उशिरा दिला तर तिला तो कशाचा ते कळत नाही. एका वेळी पाच मिनिटं पुरे, दिवसातून दोन-तीनदा.

गोधडी अंगवळणी पडली की घरातल्याच कुणाला तरी बेल वाजवायला सांगा. बेल वाजली रे वाजली की तुकडे गोधडीवर. ती तिथं असेल तरच दार उघडायचं. खरा पाहुणा येणार असेल तर तोवर तिला आतल्या खोलीत ठेवा, कारण उडी मारून एकदा जरी लाड झाले तरी तिच्या लेखी उडी बरोबर ठरते. सासूबाई चालत असतील तेव्हा ती दोरीला हवीच, तिथं प्रयोग नकोत.

गुंडाळी नको, हे कळकळीनं सांगतो. मारानं कुत्रं दबतं, पण बेल वाजल्यावर करायचं काय, हे त्याला कळत नाही. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं पुढं न गुरगुरता चावतं. असे चावे ड्रेसिंग करताना मी पाहिलेत.

मांजरामागं धावणं हा बेशिस्तपणा नव्हे. नजरेनं शिकार धरणारी जात आहे ही. मुधोळला हिलाच मुधोळ हाउंड म्हणतात, २००५ साली टपाल खात्यानं तिकीटही काढलं. कुंपण नसेल तिथं मोकळी सोडूच नका. दहा मीटरची दोरी बांधून मैदानात न्या, हाक मारा, आली की खाऊ द्या आणि परत हुंदडू द्या. आंघोळीला किंवा रागवायला कधीच हाक मारायची नाही, तेव्हा स्वतः जाऊन आणायचं.

अश्विनी, नाशिक
बापूंशी सहमत. आमच्या गावठी शेरूला मी "जागेवर" म्हणायचे, मुलं "गो", आजी "हो तिकडं". त्या बिचाऱ्यानं कुणाचं ऐकायचं? शेवटी शब्द कागदावर लिहून फ्रिजला चिकटवला.

मृणाल, मिरज
खूप धन्यवाद! गोधडी आजच काढते. पण बापू, सासरे जेवताना तिला ताटातला भाकरीचा तुकडा देतात, म्हणून ती ताटापाशी येते. त्यांना नको कसं म्हणू? जीव आहे त्यांचा तिच्यावर.

बापू, जत
नको म्हणूच नका, ताई. तुकडा त्यांनीच द्यावा, फक्त जेवण झाल्यावर उठून गोधडीवर ठेवावा. त्यांचं ऐकून ती सगळ्यात लवकर शिकेल. ठेचा किंवा कालवण लागलेला तुकडा मात्र नको, कांदा-लसूण कुत्र्यांना बाधतो. आणि मनुका, द्राक्षं, चॉकलेट तर अजिबात नाही.