मदत हवी आहे: १९९१ च्या माझदा एमएक्स-५ चे जुने पार्ट, ठाणे

नमस्कार मंडळी. मामांची १९९१ ची माझदा एमएक्स-५, १.६ लिटर, पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. गाडी वागळे इस्टेटला आहे. परवा इंजिन चालू झालं, आवाज ऐकून मामांचे डोळेच भरले. पण या गाडीचे हेडलाइट बॉनेटमध्ये लपलेले असतात आणि लावताना मोटरने वर येतात; त्यातला डावा वर येत नाही, मोटर जळली आहे. बॉनेट उघडून हाताने खुंटी फिरवत किती दिवस काढणार? मोटरसोबत क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडल दाबल्यावर तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा सिलिंडर) आणि पुढच्या ब्रेक डिस्क हव्यात. डिस्क १.६ च्याच, १.८ च्या मोठ्या असतात. जपानमध्ये हीच गाडी युनोस रोडस्टर नावाने विकली गेली, स्टिअरिंगही उजवीकडेच, तेव्हा तिकडचे पार्ट चालतील. कुर्ल्यात दोन रविवार फिरलो, काहीच मिळालं नाही. तुर्भे, कळंबोलीकडे कुणी असे पार्ट ठेवतं का? फोटो टाका, मी लगेच येऊन बघतो.