प्लेसमेंटला जाणाऱ्यांसाठी: घरचे म्हणतात ‘आईला सांगू नका’, तेव्हा काय करायचं?

अ. कु., क्लेटन

नमस्कार मंडळी,

लिस्टवरची काही मुलंमुली पुढच्या महिन्यात सर्टिफिकेट थ्री इंडिव्हिज्युअल सपोर्ट, म्हणजे ज्येष्ठ आणि अपंग व्यक्तींची देखभाल शिकवणाऱ्या कोर्सच्या प्लेसमेंटला (प्रत्यक्ष कामाच्या सरावाला) जाताहेत. ‘वर्क लीगली अँड एथिकली’ हे युनिट सगळ्यांचं झालंय, पण पाठ केलेलं उत्तर मराठी घराच्या उंबरठ्यावर लटपटतं. त्यांच्या तीन शंका. ज्या आजींकडे कामाला जायचं त्यांचा मुलगा म्हणाला, ‘आईला रिपोर्टबद्दल काही सांगू नका’, तर? आजीच म्हणाल्या, ‘हे कुणाला सांगू नकोस गं’, तर? आणि दुभाषी न बोलावता आपणच मराठीतून सगळं समजावलं तर चालतं का? जाणकारांनी लिहावं.

से. वि., ग्लेन वेव्हर्ली

ताई, पहिली शंका सगळ्यात महत्त्वाची, कारण आपल्याकडे निर्णय ‘घर’ घेतं आणि इथला, ऑस्ट्रेलियातला, कायदा तो त्या व्यक्तीकडे देतो. 1 नोव्हेंबर 2025 पासून ज्येष्ठांच्या देखभालीचा नवा एज्ड केअर अ‍ॅक्ट लागू आहे. त्यात हक्कांचं निवेदन आहे, आणि प्रत्येक ज्येष्ठ व्यक्ती स्वतःचे निर्णय घेऊ शकते असंच धरून चालायचं आहे. वय 88, इंग्रजी येत नाही, नुकताच डिमेन्शियाचा शिक्का बसलाय, या तिन्हींपैकी कशानेही तो हक्क आपोआप जात नाही.

मुलगा म्हणेल, ‘माझ्याकडे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी आहे.’ नम्रपणे ऐकावं आणि ऑफिसला कळवावं. कागद तपासणं तुमचं काम नाही, पण फरक माहीत हवा. आपल्या व्हिक्टोरिया राज्यात पैशांचे व्यवहार, वैयक्तिक बाबी आणि वैद्यकीय उपचारांचे निर्णय या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बँकेचे व्यवहार पाहणाऱ्या मुलाला त्याच कागदावर आईच्या औषधांचा निर्णय घेता येत नाही. उपचारांचा कायदा 2016 चा, त्यात ‘मेडिकल ट्रीटमेंट डिसिजन मेकर’ वेगळा असतो, आणि आजींना स्वतः ठरवता येत नसेल तेव्हाच त्याची पाळी येते.

म्हणून रिपोर्टबद्दल आजींनी विचारलं तर खोटं बोलायचं नाही, आणि निदानही सांगायचं नाही, ते डॉक्टरांचं काम. ‘तुमचा प्रश्न मी नर्सला आजच कळवते’ म्हणा आणि खरंच कळवा. नोंदीत लिहा की आजींनी विचारलं.

दार. ‘आई बाहेर भटकते, तू जाताना बाहेरून कडी लाव’ असं सहज सांगितलं जातं. ते तुम्ही केलंत की तो रिस्ट्रिक्टिव्ह प्रॅक्टिसचा, म्हणजे व्यक्तीच्या हालचालीवर किंवा हक्कांवर बंधन घालण्याचा, प्रकार ठरतो. फ्रिजला कुलूप, वॉकर हाताबाहेर ठेवणं, ‘शांत राहावी म्हणून’ जादा गोळी, हे सगळं त्यातच. तोंडी सूचनेवर यातलं काहीही करू नका, सुपरवायझरला फोन लावा.

खाण्याचं उलट. मधुमेह असूनही आजींना पुरणपोळी हवी असेल तर धोका समजावून सांगा, नोंद करा, पण ताट ओढून घेऊ नका. जोखीम पत्करण्याचा मान त्यांचा आहे. गिळण्याचा त्रास असेल तर मात्र गोष्ट वेगळी. प्लॅनमध्ये आयडीडीएसआयची, म्हणजे अन्न किती मऊ आणि पेय किती दाट हवं याच्या आंतरराष्ट्रीय मापाची, पातळी लिहिलेली असते. तिथे ‘पोळी दुधात कुस्करून दिली तर काय होतंय’ असं म्हणायचं नाही. स्पीच पॅथॉलॉजिस्टने (बोलणं आणि गिळणं यांच्या तज्ज्ञाने) होकार दिल्याशिवाय नाही. घास श्वासनलिकेत गेला तर थेट जिवावर बेततं.

म. शि., डॅन्डेनॉन्ग

दुसऱ्या शंकेचं उत्तर आजींनी बोलायला सुरुवात करण्याआधीच द्यायचं असतं. पहिल्याच भेटीत सांगा, ‘आजी, तुमचं बोलणं मी शेजारीपाजारी, मंडळात कुठे नेणार नाही. पण तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर ऑफिसला सांगावं लागेल.’ नंतर सांगितलं की विश्वासघात वाटतो.

जखम दिसली किंवा तसं काही ऐकलं तर खोलात चौकशी करू नका. एकच मोकळा प्रश्न, ‘हे कसं झालं?’ आणि मग नोंद. ‘आजी चिडलेल्या होत्या’ ही नोंद नाही, तुमचं मत आहे. नोंद अशी: ‘10.20, आंघोळीला चला म्हटल्यावर नको म्हणाल्या. डाव्या मनगटाच्या वर अंदाजे 3 सेंमी निळसर डाग. कसं झालं विचारलं, तेव्हा म्हणाल्या… 10.35, सुपरवायझरला फोन केला.’

आजींचं वाक्य आधी मराठीत जसंच्या तसं लिहा, खाली इंग्रजी अर्थ. ‘हात उगारला’ म्हणजे मारलं नव्हे. ‘अंगावर आला’ म्हणजे धमकावलं असेल, धक्का दिला असेल. घाईत ‘हिट’ लिहिलं की तपासाची दिशा बदलते, आणि आजींचं म्हणणं पुढे खोटं ठरू शकतं.

घड्याळ लक्षात ठेवा. एज्ड केअरमध्ये ‘सर्स’, म्हणजे गंभीर घटना कळवण्याची योजना, निवासी संस्थांना 1 एप्रिल 2021 पासून आणि घरपोच सेवेला 1 डिसेंबर 2022 पासून लागू आहे. पहिल्या प्राधान्याच्या घटनेला 24 तास, दुसऱ्याला 30 दिवस. एनडीआयएसमध्ये, म्हणजे अपंग व्यक्तींसाठीच्या सरकारी योजनेत, मृत्यू, गंभीर इजा, छळ, हेळसांड, लैंगिक गैरवर्तन यांना 24 तास. परवानगीविना वापरलेल्या रिस्ट्रिक्टिव्ह प्रॅक्टिसला, इजा झाली नसेल तर, कामकाजाचे 5 दिवस. देखरेख करणाऱ्या सरकारी कमिशनला कळवणं संस्थेचं काम, पण तुम्ही ‘शिफ्ट संपल्यावर बघू’ म्हटलंत तर तिच्या हाती काय उरणार?

घरपोच सेवेत मुलगा किंवा सून त्रास देत असेल तर तो बहुधा ‘सर्स’मध्ये येत नाही, आणि इथेच लोक थांबतात. थांबू नका. तात्काळ धोका असेल तर 000. एरवी सुपरवायझर, आणि ज्येष्ठांच्या छळाबद्दल सल्ल्यासाठी 1800 353 374.

से. वि.

दुभाषाचं राहिलं. चहा, आंघोळ, कपडे यांबद्दल मराठीतच बोला, त्याने आजी खुलतात. पण करारावर सही, तब्येतीचं मूल्यांकन, उपचारांना संमती यासाठी तुम्हीही नको आणि सूनही नको. त्यासाठी टिस नॅशनल ही सरकारी दुभाषी सेवा, फोन 131 450, चोवीस तास. सून ‘आई म्हणतात चालेल’ एवढंच सांगते आणि आजी मधली पाच वाक्यं काय बोलल्या ते कागदावर येतच नाही.

आणि दिवाळीचं पाकीट. फराळाची बशी बहुतेक संस्थांना चालते, ऑफिसला सांगून घ्या. पैसे, साडी, सोनं नाही. नकार देताना ‘ऑफिसचा नियम आहे, आशीर्वाद द्या’ म्हटलं की आजी दुखावत नाहीत. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणूनही सही करू नका.

अ. कु.

दोघांचे मनापासून आभार. एक उपप्रश्न: सुपरवायझरच म्हणाला, ‘हे लिहू नकोस’, तर? व्हिसावर असलेली मुलं तिथेच गप्प होतात.

म. शि.

त्याला ईमेलने विचारा: ‘आज 10.20 ची घटना मी फोनवर कळवली. फॉर्म भरू नको असं तुम्ही सांगितलंत, ते मला बरोबर समजलं का?’ एवढ्यावर बरेचदा फॉर्म भरला जातो. मेलमध्ये आजींचं नाव नको, क्लायंट क्रमांक पुरे. आणि स्वतःच्या फोनमध्ये जखमेचा फोटो ठेवू नका, तब्येतीची माहिती 1988 च्या प्रायव्हसी अ‍ॅक्टमध्ये ‘संवेदनशील’ गटात मोडते. प्लेसमेंटवर असाल तर कॉलेजच्या असेसरलाही त्याच दिवशी कळवा.

तरी काही झालं नाही तर थेट कमिशन: एज्ड केअर 1800 951 822, एनडीआयएस 1800 035 544. नाव न देता तक्रार करता येते, आणि कळवणाऱ्यावर सूड उगवायला एज्ड केअर आणि एनडीआयएस, दोन्हींच्या कायद्यांत मनाई आहे.