कुळाचा शोध: आधी नाशिक की पुणे?

मूळचा_साताऱ्याचा: चार दिवस सुट्टी आहे, पणजोबांच्या मागचं घरात कुणालाच ठाऊक नाही, म्हणून नाशिक करून मग पुण्याला पेशवे दफ्तर (पेशवेकाळातल्या जुन्या कागदपत्रांचं सरकारी संग्रहालय) बघावं म्हणतोय. मोडी वाचता येत नाही. सुरुवात कुठून करू?

गोदाकाठची: आधी नाशिकच. रामकुंडावर आडनाव आणि मूळ गाव सांगा, तुमच्या गावाचे तीर्थोपाध्ये (यात्रेकरूंच्या घराण्यांची नावं पिढ्यान्पिढ्या वहीत, म्हणजे नामावळीत, लिहून ठेवणारे पुरोहित) कोण ते तिथलेच लोक दाखवतात. आमच्या नामावळीत खापरपणजोबा, त्यांचे भाऊ, पोरं सगळी एका पानावर निघाली, आजीला वाचून दाखवलं तर ती रडायलाच लागली. दक्षिणा ठेवा आणि येताना आपली नावं लिहून या.

रुमालवाला: दफ्तरात नुसतं आडनाव घेऊन गेलात तर दिवस फुकट, तिथे रुमालात बांधलेले कोट्यवधी कागद आहेत. वतन, इनाम असं काही होतं का घराण्यात? नसेल तर आधी तहसीलमधलं गाव नमुना 14 बघा, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, लोक कोतवाल बुक म्हणतात ते. तेही बरंचसं मोडीतच, जाणकार सोबत न्या. शनिवार-रविवार धरू नका, सरकारी ऑफिस आहे.

मूळचा_साताऱ्याचा: वतनाचं काकांना विचारतो. म्हणजे पुणे तूर्तास कॅन्सल 😅